गॅस, बोर्ड की कॉइल? बघायचे पैसे कोणी देत नाही तेव्हा

प्रश्न पर्वरीच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, चार वर्षांचा, आर-३२ गॅसवर चालणारा. आतला पंखा फिरतो, पण हवा थंड येत नाही. पहिला मेकॅनिक म्हणाला गॅस गेलाय, ३,००० रुपये. दुसरा म्हणाला बाहेरच्या युनिटचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, ९,५००. तिसऱ्याने गॅस फिरतो त्या नळ्यांची कॉइलच बदलायला सांगितली, गॅससकट १२,०००. बघायचे पैसे तिघांनीही घेतले नाहीत. आता ते विचारतात, यातला खरा कोण? आपल्याला काहीच कळत नसताना तज्ज्ञावर विसंबायचं तरी कसं? आणि गोव्यात हल्ली गल्लोगल्ली एसीवाले झालेत, तर स्पर्धेमुळे ही लुबाडणूक कमी का होत नाही?

माझं फोंड्यात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं होतील. त्याआधी अर्थशास्त्रात बी.ए. केलं, नोकरी लागली नाही म्हणून फर्मागुडीच्या आयटीआयला गेलो. आता मुलगी ताळगावला विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते आणि माझ्याच धंद्यावर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते मला वाचून दाखवते. त्यामुळे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल असं वाटतं.

आधी तुमच्या एसीचं बघू. तुम्हाला निदानं तीन दिसतात, मला दोनच दिसतात. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. म्हणजे पहिला आणि तिसरा एकच गोष्ट सांगताहेत. पहिल्याने लक्षण सांगितलं, तिसऱ्याने कारण सांगितलं. पहिला गॅस भरून जाईल, एसी मस्त चालेल आणि गळतीचं भोक बारीक असेल तर पुढच्या एप्रिलपर्यंत चालेलही. मग तुम्ही पुन्हा त्यालाच बोलवाल, कारण 'मागच्या वर्षी चांगलं काम केलं होतं'.

चार वर्षांत कॉइल गळू शकते का? आपल्याकडे सहज. तुम्ही मांडवीच्या काठावर राहता. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पावडरीसारख्या झडतात, ते डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते तांब्याच्या नळीत होतं. रंग, पॉलिश, साफसफाईची द्रावणं यांच्यातून सुटणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफा आणि दमटपणा मिळून नळीत मुंग्यांच्या वारुळासारखे बारीक बोगदे पाडतात. नवीन फ्लॅटमध्ये, नवीन फर्निचरच्या वासात लावलेल्या एसीची आतली कॉइल म्हणूनच कधी कधी दोन-तीन वर्षांत गळते, आणि शेजारचा पंधरा वर्षांचा जुना विंडो एसी धडधडत चालू असतो.

दुसऱ्याचा बोर्डही अशक्य नाही. पावसाळ्यात वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि बाहेरच्या युनिटमध्ये ऊब शोधत पाल शिरते. बोर्डवर भाजून चिकटलेल्या पाली मी इतक्या काढल्यात की त्याची मोजदाद सोडून दिली. इन्व्हर्टर एसीत बोर्ड हा महागाचा भाग, म्हणून त्याचं नाव घेतलं की गिऱ्हाइकाला संशय येतो. पण महाग भाग बिघडतच नाहीत असा नियम नाही.

आता अर्थशास्त्र. मी ते नेहमी पणजीच्या मासळी मार्केटावरून समजावतो. बांगडा घेताना तुम्ही कल्ले उघडून बघता. लाल असले तर ताजा, पैसे देण्याआधीच कळतं. मानकुराद आंबा घेताना वास घेता, दाबून बघता, पण आतून कसा आहे ते घरी कापल्यावरच कळतं. खराब निघाला तर पुढच्या वेळी त्या बाईकडे जात नाही. १९७० मध्ये फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने मालाचे हे दोन प्रकार मांडले: बघून कळणारा आणि वापरून कळणारा. तीन वर्षांनी मायकल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी तिसरा प्रकार जोडला. हा माल वापरून झाल्यावरसुद्धा कळत नाही. अपेंडिक्स काढलं, दुखणं थांबलं. ते काढायची गरज होती का? बोर्ड बदलला, एसी चालू झाला. जुना बोर्ड खरंच गेला होता का? याला इंग्रजीत क्रेडेन्स गुड्स म्हणतात. मी आपला 'भरवशाचा माल' म्हणतो.

या मालाची गंमत अशी की विकणाराच तुम्हाला काय हवंय ते सांगतो. मासळीवाली तुम्हाला 'आज तुम्हाला इस्वणच खायला हवा' असं सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही हसाल. मेकॅनिक, डॉक्टर, वकील, गाडीचं गॅरेज, दाताचा डॉक्टर हे सगळे मात्र हेच करतात, आणि आपण मान हलवतो. दुसरं काय करणार?

इथे लोक म्हणतात, माणूस प्रामाणिक असला की झालं, गावात नाव असलं की झालं. फोंडा लहान आहे, नाव लगेच पसरतं, हे खरं. पण नाव कशाचं पसरतं ते मी माझ्या एका चुकीवरून सांगतो.

दुकान उघडून तीन-चार वर्षं झाली होती. कवळ्याला एका बाईंचा फ्रिज बंद पडला, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आलेली, घरी पाहुणे येणार. कॉम्प्रेसर गुणगुणायचा आणि ट्रिप व्हायचा. मी हात लावला, तापलेला. म्हटलं, कॉम्प्रेसर गेला. दुसऱ्या दिवशी नवीन बसवला, गॅस भरला, साडेचार हजार घेतले. फ्रिज बर्फासारखा थंड झाला. जुना कॉम्प्रेसर दुकानात आणून ठेवला होता. चवथ संपल्यावर भंगारात द्यायच्या आधी सहज बेंचवर नवीन रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, लावून करंट दिला, तर पठ्ठ्या सुरू झाला! गेला होता तो रिले. दीडशे रुपयांचा भाग.

त्या बाईंना मी हे सांगितलं नाही. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंग फुकट करून दिलं, तेवढंच. आणि त्या बाईंनी माझं इतकं कौतुक केलं की त्यांच्या वाड्यावरची तीन घरं मला मिळाली. 'एकदा हात लावला की पुन्हा बघायला नको,' असं म्हणायच्या. खरंच होतं. सगळंच नवीन बसवल्यावर कशाला बघायला लागेल?

त्याच सुमाराला दुसऱ्या एका घरी मी फक्त रिले बदलून आलो होतो. दोन महिन्यांनी तिथला कॉम्प्रेसर खरोखर गेला. त्या मालकांनी मला कायमचं सोडलं आणि 'त्याला जमत नाही' असं चार जणांना सांगितलं.

हे तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या स्पर्धेच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जास्तीचं काम करणाऱ्याचं गिऱ्हाईक खूश असतं. बेताचं काम करणाऱ्याला तक्रारी येतात. नाव हे वेळेवर येण्याचं होतं, गोड बोलण्याचं होतं, एसी पुन्हा बंद न पडण्याचं होतं. 'गरज नसलेला भाग बदलला नाही' याचं नाव होऊच शकत नाही, कारण ते गिऱ्हाइकाला कधी दिसतच नाही. मग स्पर्धा वाढली की मेकॅनिक कशात स्पर्धा करतात? जे दिसतं त्यात. टी-शर्टवर नाव, तासाभरात हजर, आणि 'तपासणी फुकट'.

आता या फुकट तपासणीचा हिशोब. फोंड्याहून पर्वरीला यायचं तर जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर होतात. पेट्रोल, बरोबरच्या पोराची अर्ध्या दिवसाची मजुरी, माझे दोन-अडीच तास. सगळं धरून एका फेरीचे पाचशे रुपये धरा, कमीच धरतोय. अशा दहा फेऱ्या केल्या आणि सहा ठिकाणी काम मिळालं, तर पाच हजारांचा खर्च सहा बिलांत बसवायचा. प्रत्येक बिलात साधारण सव्वाआठशे. ज्याचा बोर्ड गेलाय त्याच्या साडेनऊ हजारांत हे मुरून जातात. पण जुन्या साध्या एसीचा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग, गेला असेल तर? कपॅसिटर तीन-साडेतीनशेला मिळतो. त्याचे मी हजार-बाराशे मागितले तर गिऱ्हाईक मोबाइल काढून ऑनलाइन भाव दाखवतं. मग मेकॅनिक काय करतो? कपॅसिटर गुपचूप बदलतो आणि बिलावर 'गॅस चार्जिंग, २,५००' लिहितो. गॅसचा भाव कोणी विचारत नाही. मीटर लावतो, काटा हलवून दाखवतो, फुसकन थोडा गॅस सोडतो. गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका दुकानात मी हे रोज बघितलं. तो मालक वाईट माणूस नव्हता, त्याच्याही घरी पोरं होती. फक्त निदानाचे पैसे कोणी देत नव्हतं, म्हणून तो ते गॅसच्या नावाने घ्यायचा. काही दिवसांनी गॅसच्या नावाने घ्यायची सवय इतकी लागली की निदान करायचंच थांबलं. मला त्यातलं हे दुसरं जास्त वाईट वाटतं. पैसे गेले ते गेले, पण कारागिराची बुद्धीही गेली.

काट्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो. बंद एसीवर मीटर लावून 'बघा, प्रेशर बरोबर आहे' किंवा 'बघा, कमी आहे' म्हणणारे पुष्कळ. बंद यंत्रात थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो. तीस अंशाला आर-३२ चा काटा दोनशे साठ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपासच दिसणार, मग गॅस पूर्ण असो की अर्धा. खूपच कमी दिसला तर सगळा गेलाय एवढंच कळतं. खरं कळतं ते यंत्र पूर्ण वेगाने चालवल्यावर, तेव्हा खालचा दाब एकशेवीसच्या अल्याडपल्याड हवा, आणि आत शिरणारी व बाहेर येणारी हवा यांत दहा-बारा अंशांचा तरी फरक हवा. त्याहून पक्कं म्हणजे गॅस काढून तराजूवर वजन करणं. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. भरतानाही तराजूवरच भरायचा. माझ्या ओळखीतल्या किती जणांकडे तराजू आहे, ते विचारू नका.

पुन्हा हिशोबाकडे येतो. या विषयावर पुढे खूप काम झालं. त्याचा सारांश मुलीने मला एका वाक्यात सांगितला होता आणि मी त्यावर आठवडाभर विचार करत होतो. ती म्हणाली, "बाबा, गॅस भरण्यात, बोर्ड बदलण्यात आणि नुसता स्क्रू घट्ट करण्यात तुम्हाला सारखाच फायदा सुटत असेल, तर तुम्हाला खोटं बोलायचं कारणच उरत नाही." साधी गोष्ट आहे. माझा नफा कपॅसिटरवर शंभर, गॅसवर पंधराशे आणि बोर्डवर दोन हजार असेल, तर शंका असेल तिथे माझं मन बोर्डाकडे झुकणार. मुद्दाम नाही हो. निदान हे बहुतेक वेळा साठ-चाळीस असतं. साठ टक्के हे, चाळीस टक्के ते. त्या चाळीसचे पंचावन्न कधी होतात ते आपल्यालाही कळत नाही.

म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी मी पद्धत बदलली. बघायचे पाचशे, काम करा अथवा करू नका. मजुरी कामाच्या तासांवर. भाग दुकानाच्या बिलाच्या भावाने, वर काही नाही. हवं तर तुम्हीच आणून द्या. पहिल्या वर्षी फोन बरेच कमी झाले. 'नुसतं बघायचे पाचशे?' हे वाक्य अजून आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. तेच गृहस्थ म्हापशाला डॉक्टरकडे नुसतं बघायचे सहाशे देऊन येतात, तिथे त्यांना काही वाटत नाही. स्टेथोस्कोपला मान आहे, मल्टिमीटरला नाही.

मग निदान एकाने आणि दुरुस्ती दुसऱ्याने अशी वाटणी का नाही करत? डॉक्टर वेगळा, औषधाचं दुकान वेगळं, तसं? काही ठिकाणी करता येते. पण एसी खोलणं हेच अर्धं काम असतं. एकदा खोलून बघायचा, बंद करायचा, दुसऱ्याने येऊन पुन्हा खोलायचा, शिडी पुन्हा लावायची, चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलबाहेर पुन्हा लटकायचं. दोघांच्या फेऱ्यांचे पैसे तुम्हीच देणार. लहान बिघाडाला ते परवडत नाही. दहा हजारांच्या वरच्या कामाला मात्र खुशाल परवडतं, आणि तिथे लोक तसं करत नाहीत याचं मला नवल वाटतं.

हा फक्त आपल्या मेकॅनिकांचा दोष आहे असं समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकमध्ये संशोधकांनी एका माणसाला, ज्याच्या दाताला उपचाराची गरज नव्हती, १८० दंतवैद्यांकडे पाठवलं. २८ टक्क्यांनी भरणी करायला सांगितलं. ऑस्ट्रियात दुसऱ्या एका चमूने मुद्दाम बिघडवलेले कॉम्प्युटर दुरुस्तीला दिले. बिघाड सगळ्यांत एकच, मेमरीचा एक तुकडा निकामी. काही दुकानांत नुसतं 'विम्यासाठी बिल लागेल' असं सांगितलं. सरासरी बिल ७० युरोंवरून जवळजवळ १२९ युरोंवर गेलं. कोणी कोणाला लाच दिली नाही, कोणी काही ठरवलं नाही. पैसे देणारा समोर उभा नाही एवढं कळलं, बस्स.

हे ऐकून मला लगेच आपले बंद बंगले आठवले. आसगाव, शिवोली, हळदोणे भागात मालक दिल्ली-मुंबईला आणि घर केअरटेकरच्या ताब्यात. फोनवर मालक म्हणतात, 'जे लागेल ते करा, बिल पाठवा.' भाड्याच्या स्कूटरवर काळी पाटी, पिवळी अक्षरं दिसली की पंक्चरवाल्याचा भाव बदलतो, तसाच यांच्या आवाजावरून बदलतो. गिऱ्हाइकांतले जाणकार अजाणांना वाचवतात असं पुस्तकात म्हणतात. ते तेव्हाच खरं, जेव्हा विकणाऱ्याला कोण जाणकार आणि कोण अजाण ते ओळखता येत नाही. इथे ते पाटीवरच लिहिलेलं असतं. उलट उदाहरण डिचोली-उसगाव पट्ट्यातल्या ट्रकमालकांचं. खाणी चालू होत्या तेव्हा, म्हणजे २०१२ च्या बंदीआधी, ते स्वतः गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायचे, इंजिनाचा आवाज त्यांना मेकॅनिकइतकाच कळायचा. त्यांच्या ट्रकमध्ये नको तो भाग घालायची कोणाची छाती नव्हती.

यावर गॅरंटीचा उतारा सगळे सुचवतात. 'सहा महिन्यांची गॅरंटी देतो त्याच्याकडे जा.' जा, पण ती काय करते ते समजून जा. गॅरंटीमुळे मेकॅनिक अर्धवट काम करत नाही, कारण पुन्हा फुकट यावं लागेल. पण त्याच भीतीने तो दोन भाग जास्त बदलतो. मीही बदलेन. वार्षिक करारात बरोबर उलटं घडतं. भागांसकट सगळं करारात असेल तर कंपनीचा फायदा कमीत कमी करण्यात: फिल्टर धुवायचे, पाणी मारायचं, सही घ्यायची. भाग वगळून नुसत्या सर्व्हिसिंगचा करार असेल तर दर भेटीत काहीतरी 'सापडतं'. तंत्रज्ञाला महिन्याला इतक्या रुपयांचे भाग विकायचं टार्गेट असतं, हे मला अशा कंपनीतून बाहेर पडलेल्या दोन पोरांनी सांगितलंय. तेव्हा करार करताना हा माणूस आळस करून कमावतो की भाग विकून, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

जुना भाग परत मागा, हाही सल्ला सगळे देतात. मागा. पण जुना भाग हातात आला म्हणजे तो बदलला एवढंच सिद्ध होतं. बदलायची गरज होती का, ते होत नाही. कवळ्याच्या बाईंनी जुना कॉम्प्रेसर मागून घेतला असता तर काय झालं असतं? परसात पडून राहिला असता. उलट मलाही माझी चूक कधी कळली नसती.

ऋतूचंही थोडं सांगतो, हे पुस्तकात कमी आणि दुकानात जास्त दिसतं. एप्रिल-मे मध्ये माझ्याकडे दिवसाला वीस फोन येतात. तेव्हा माझा एक तास महाग असतो. बोर्डवर बसून कुठला ट्रान्झिस्टर गेला ते शोधायला दोन तास लागतात, त्याचे मी पंधराशे घेणार. अख्खा बोर्ड बदलायला पंधरा मिनिटं. मे मध्ये मीसुद्धा बोर्डच बदला म्हणतो. ही फसवणूक नाही, कारागिराचा वेळ कारखान्यातल्या भागापेक्षा महाग पडतो, इतकंच. जुलैत पाऊस कोसळत असतो, एसी बंद, दुकान रिकामं. तेव्हा वेगळा मोह. हातात काम नसलं की प्रत्येक यंत्रात काहीतरी दिसायला लागतं. ज्याला यंत्र वाचवायचं आहे त्याने ऑगस्टमध्ये, चवथीची गर्दी सुरू व्हायच्या आधी, निदानाचे पैसे आधी कबूल करून बोलवावं. त्या दिवसांत मी एकेका बोर्डवर अख्खी दुपार घालवतो, आणि ते मला आवडतंही.

बोर्ड दुरुस्त न होण्यात कंपन्यांचाही हात आहे. बोर्डच्या जोडणीचा नकाशा देत नाहीत, एरर कोडची पूर्ण यादी देत नाहीत, सुटे भाग बाहेर विकत नाहीत. गाड्यांच्या बाबतीत याच कारणावरून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. दिशा बरोबर आहे, पण फोंड्यातल्या माझ्या बेंचवर त्याने अजून फार फरक पडलेला नाही.

कायद्याचं एवढंच: २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि ज्या सेवेला पाच लाखांपर्यंत पैसे दिलेत तिची तक्रार जिल्हा आयोगात बिनशुल्क करता येते. पैसे घेऊन काम केलं नाही किंवा वाईट केलं, तर याचा उपयोग होतो. काम उत्तम केलं पण ते नको होतं, हे सिद्ध करायला पुन्हा एक तज्ज्ञच लागतो.

आता संशयाची दुसरी बाजू, कारण प्रश्नाच्या सुरावरून तुम्ही तिथे पोहोचलेले दिसता. गिऱ्हाईक फार संशयी झालं की आम्ही खरं सांगणं सोडतो. 'कॉइल गळते, बदलावी लागेल, बारा हजार' असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'आला चोर' असं उमटतं. मग कशाला वाद? तीन हजारांचा गॅस भरतो, तोही खूश, मीही मोकळा. मी बघतो त्यात गोव्यातलं मोठं नुकसान नको ते भाग बदलण्याने होत नाही, या अशा दरवर्षीच्या गॅसने होतं. चार एप्रिल, बारा हजार. कॉइलचे पैसे गेले आणि कॉइल तीच. शिवाय अर्ध्या गॅसवर चालणारं यंत्र वीज जास्त खातं आणि कॉम्प्रेसर तापून लवकर मरतो. ते बिल वेगळं.

तर तुमच्याबाबतीत मी काय करीन. तिसऱ्याला फोन करा आणि 'काम नंतर बघू, आधी गळती दाखव, त्याचे पैसे देतो' असं म्हणा. किती ते त्यालाच विचारा, आठशे-हजार म्हणाला तर कबूल करा. नळीत नायट्रोजन भरून दाब द्यायचा, साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे कुठे येतात ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघायचं. आधी दोन्ही टोकांच्या पितळी नटांवर साबण लावायला सांगा. गळती तिथेच निघाली तर नळीचं टोक पुन्हा फ्लेअर करून, म्हणजे पसरवून बसवून, काम भागतं, कॉइल बदलायची गरज नाही. तेल लागून काळपट झालेली जागा दिसली तर ती खूण समजा. कॉइलमधून बुडबुडे आले तर बारा हजार हा भाव योग्य आहे, गॅस तराजूवर भरायच्या अटीवर. आणि कंपनीच्या वॉरंटीचा कागद शोधा. काही मॉडेलांना कॉइलवर पाच वर्षांची वॉरंटी असते, तुमचा एसी चार वर्षांचा आहे.

कुठेच बुडबुडा आला नाही, दाब तासभर जसाच्या तसा राहिला, तर दुसऱ्याला बोलवा. बोर्ड गेला हे त्याने कशावरून ठरवलं ते विचारा. कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांमधला रोध सारखा आला का, बोर्डवर तीनशे-सव्वातीनशे व्होल्ट डीसी तयार होतात का, एरर कोड कुठला होता. तुम्हाला यातलं काही कळायची गरज नाही. ज्याने मोजलंय तो आकडे सांगेल आणि सांगताना त्याला बरंही वाटेल, कारण हे त्याला कोणी विचारत नाही. न मोजलेला चिडेल.

पहिल्याने तीन हजार सांगताना गळतीचा शब्द काढला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढला असेल आणि तुम्हीच 'सध्या गॅस भरून बघू' म्हणाला असाल, तर त्याला या यादीतून वगळा.